मणक्यातल्या इंजेक्शनची दुर्मीळ गुंतागुंत : कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आई (वय ६८) सांगलीला भावाकडे असते, मी पुण्यात. मार्चपासून तिचा डावा पाय धरलाय. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयमध्ये एल४-एल५ची गादी सरकून नस दबलेली दिसली. गोळ्या, शेक, व्यायाम सगळं झालं. ओट्याशी उभी राहून दोन भाकऱ्या करते, तिसरीला परात खाली घेऊन जमिनीवर बसते.

आता डॉक्टरांनी मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. येत्या गुरुवारी, सकाळी दाखल आणि संध्याकाळी घरी. भावाने संमतीपत्राचा फोटो पाठवला. त्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पाय लुळे पडणं, मृत्यू असं सगळं ओळीने लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, "हे छापावंच लागतं, फार क्वचित होतं." त्यांच्यावर अविश्वास नाही. पण क्वचित म्हणजे नेमकं काय होतं, ते कसं ओळखायचं आणि झालं तर काय करायचं, हे कुणी नीट सांगितलं नाही.

आईला १४ वर्षं मधुमेह आहे, फेब्रुवारीत एक स्टेंट बसवलाय, बाकी तब्येत ठणठणीत. ज्यांनी घेतलंय, ज्यांच्या घरात कुणाला त्रास झालाय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. भीती वाटेल असं असेल तरी लिहा.

निवांत_माणूस | सोमवार, रात्री १०.०५

मी दोनदा घेतलं, २०१९ आणि २०२२ साली. पालथं झोपवतात, जागा बधिर करतात, डोक्यावर सी-आर्म (फिरतं एक्स-रे यंत्र) फिरतो, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. औषध आत जाताना पायात ओळखीची तीच कळ जोरात आली, मग ओसरली. पहिल्या वेळी पाच महिने सुखात गेले, दुसऱ्या वेळी जेमतेम सहा आठवडे.

त्रास म्हणाल तर चेहरा दोन दिवस लालबुंद, पहिली रात्र टक्क जागा आणि दीड दिवस उचकी. घरातल्यांनी उचकी थांबावी म्हणून सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन पाहिली, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की ती स्टेरॉइडची उचकी आहे, कुणाच्या आठवणीची नाही. आपोआप थांबली.

तात्या_सातारकर | सोमवार, रात्री १०.३१

माझं स्पष्ट मत, मणक्यात सुई नको. माझ्या चुलतबहिणीला सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, आज २२ वर्षं झाली, बिचारी कंबर धरूनच उठते. असं प्रत्येक गावात दहा घरांत ऐकायला मिळेल. सगळ्याच बायका खोटं बोलतात का?

अबोली | सोमवार, रात्री १०.४४

तात्या, खोटं कुणीच बोलत नाही. कंबर दुखते हे खरंच आहे. पण ती इंजेक्शनमुळे दुखते का, हा वेगळा प्रश्न. माझं पहिलं बाळंतपण विनाइंजेक्शन झालं, कंबर त्यातही दुखली.

भूलभुलैया | सोमवार, रात्री ११.२०

मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनाचिकित्साही करतो. (आयडीवरून अंदाज आला असेलच.)

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कृष्णाकाठ, स्टेंटची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. माझी नजर तिथेच अडकली. फेब्रुवारीत स्टेंट म्हणजे आई बहुधा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेत असणार. एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा त्याच जातीची. उद्या सकाळी भावाला गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढायला सांगा आणि इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे का, ते विचारा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. स्टेंट नवा असताना गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. गोळी चालू ठेवून सुई टोचली तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचू शकतं. कोणता धोका मोठा, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञ दोघांनी बोलून ठरवायचं असतं.

तात्या, सिझेरियनचं इंजेक्शन आणि हे, दोन्ही वेगळी. सिझेरियनला बहुधा स्पायनल देतात. त्यात सुई मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते आणि भुलीचं औषध सोडलं जातं. इथे सुई त्या पाण्याच्या पिशवीबाहेर, एपिड्यूरल जागेत थांबते आणि दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवायला स्टेरॉइड सोडतात. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीचं मूळ बहुतेक वेळा गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले स्नायू आणि नंतरचं वाकून उचलणं यात असतं. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, वर्षानुवर्षांच्या दुखण्याचं खापर सुईवर फोडता येत नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.२८

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. फॉर्म भावाने भरला. सकाळीच फोन करते.

अबोली | मंगळवार, सकाळी ७.१५

रात्री अर्धवट लिहिलं. दोन वर्षांपूर्वी मला हेच कंबरेचं इंजेक्शन देताना सुई किंचित पुढे जाऊन ती पाण्याची पिशवी टोचली गेली. त्या दिवशी काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची वेणी घालायला बसले आणि मानेपासून कपाळापर्यंत असं डोकं चढलं, जणू कुणी आतून खाली ओढतंय. वेणीचे तीन पेड हातात धरून तशीच आडवी झाले. आडवी होताच दोन मिनिटांत दुखणं गायब! उठले की परत. डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगितलं, तर त्यांनी लगेच ओळखलं. बसल्यावर चढतं आणि झोपल्यावर उतरतं, हीच त्याची खूण.

दोन दिवस पडून राहिले, पाणी, कॉफी, गोळ्या झाल्या. उतरेना, तेव्हा ब्लड पॅच केला. माझ्याच दंडातलं वीसेक मिली रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं, ते गोठून भोक बुजतं. तासाभरात मी उठून बसले होते.

वाळवी | मंगळवार, सकाळी ८.५०

अबोली, तुमच्या डोकेदुखीचा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही. १८९८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कील इथे ऑगस्ट बीअर या शल्यविशारदाने पाठीतल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घ्यायचं ठरवलं. त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट याने सुई बरोबर टोचली, पण पिचकारी सुईला नीट बसेना. बीअरच्या मणक्यातलं बरंच पाणी वाहून गेलं. मग भूमिका बदलल्या, बीअरने हिल्डेब्रांटला टोचलं आणि भूल चढली आहे का हे पाहायला त्याच्या नडगीवर हातोडी मारली. नंतर बीअर नऊ दिवस डोकं धरून पडून होता. उभं राहिलं की चक्कर आणि डोकेदुखी, आडवं झालं की बरं. लक्षणं हुबेहूब तुमचीच, फक्त ब्लड पॅच त्याच्या नशिबी नव्हता.

आणि तात्यांच्या भीतीलाही इतिहास आहे. १३ ऑक्टोबर १९४७ला इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो या दोघांना एकाच दिवशी किरकोळ शस्त्रक्रियेसाठी पाठीत भूल दिली गेली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. खटल्यात कारण दिलं गेलं की भुलीच्या कुप्या फिनॉल या जंतुनाशकात बुडवून ठेवत, त्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा होत्या, त्यातून फिनॉल आत गेलं. १९५४मध्ये दोघेही अपिलात हरले. न्यायमूर्ती डेनिंग यांचं म्हणणं असं की १९४७चा अपघात १९५४च्या चष्म्यातून पाहायचा नाही. नंतरच्या तज्ज्ञांना वाटलं की उकळायच्या भांड्यातला थर काढायला वापरलेलं आम्ल सुई-पिचकारीला राहिलं असावं. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये पुढे बरीच वर्षं लोक पाठीतल्या भुलीला घाबरत.

तात्या_सातारकर | मंगळवार, सकाळी ९.१०

म्हणजे माझी भीती अगदीच हवेतली नाही.

ग्रँड_रिव्हर | मंगळवार, सकाळी ९.४२

हवेतली नाहीच. मी २००८पासून मिशिगनमध्ये आहे, २०१२चा ऑक्टोबर आम्ही इथे काढलाय.

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथे न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर नावाची औषधं बनवून देणारी फार्मसी होती. तिथल्या मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तीन खेपांमध्ये बुरशी गेली. त्या कुप्या देशभरच्या दवाखान्यांत पोचल्या आणि जवळजवळ १४ हजार लोकांना टोचल्या गेल्या, त्यातल्या बहुतेकांना पाठदुखीसाठीच. टेनेसीत एका रुग्णाच्या मणक्यातल्या पाण्यात बुरशी सापडली आणि धागा उलगडत गेला. एक्सेरोहायलम नावाची, गवतावर आणि मातीत राहणारी बुरशी, माणसाच्या मेंदूच्या आवरणात तोवर क्वचितच कुणी पाहिली होती. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) मोजले ते २० राज्यांत ७५३ रुग्ण, त्यात ६४ मृत्यू. सगळ्यात जास्त रुग्ण आमच्या राज्यात. फार्मसीच्या मालकाला पुढे तुरुंगवास झाला आणि २०१३मध्ये असल्या फार्मसींवरच्या देखरेखीचा नवा कायदा आला.

माझ्या सहकाऱ्याच्या आईला दवाखान्यातून फोन आला तेव्हा तिला काहीच होत नव्हतं. आठवड्याभराने डोकं दुखू लागलं, मान अवघडली. बुरशीविरोधी औषध महिनोन्‌महिने चाललं. त्या औषधाने तिला भिंतीवर रंग हलताना दिसायचे. ती मला म्हणाली होती, "दुखणं पाठीत होतं, आणि मी भिंतीकडे बघत बसलेय." ती बरी झाली.

सांगायचं ते हे, की तिथे डॉक्टरांचा हात चुकला नव्हता. सुई योग्य जागी गेली होती. खोट कुपीत होती.

चहा_कमी_साखर | मंगळवार, दुपारी १.३०

मधुमेहींसाठी एक गोष्ट. मला खांद्यात आणि नंतर कंबरेत स्टेरॉइड दिलं होतं. उपाशीपोटीची साखर एरवी १३०च्या आसपास असते, तिसऱ्या दिवशी २८८. मी ग्लुकोमीटर बिघडला म्हणून शेजाऱ्यांचा आणला, त्यातही तेच! पाचेक दिवसांत उतरली. आईंच्या साखरेच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, त्या दिवसांपुरती औषधं बदलावी लागतील का ते ते बघतील. साखर आधीच वाढलेली असेल तर इंजेक्शन पुढे ढकलतात.

मांडवीतीर | मंगळवार, दुपारी २.०५

आमच्या गावात एक आजोबा नस बसवून देतात. तेल लावून एक झटका. पुष्कळ जणांना गुण आलाय.

रानजाई | मंगळवार, दुपारी २.४०

मांडवीतीर, कृपा करून नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गादी सरकून नस दबलेली असताना त्या झटक्याने गादीचा तुकडा आणखी बाहेर आलेले दोन रुग्ण मी स्वतः पाहिलेत. त्यातल्या एकाची लघवीच बंद झाली.

कृष्णाकाठ, सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांचा पाय काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप निवळतो. इंजेक्शनचा उपयोग मधला काळ सुसह्य व्हावा, व्यायाम करता यावा एवढ्यासाठी. पायात जोर कमी होत नसेल तर घाई नसते.

उंबरठा | मंगळवार, रात्री ११.५५

दिवसभर लिहू की नको करत होतो. कृष्णाकाठ म्हणाल्या भीती वाटेल असं असलं तरी लिहा, म्हणून लिहितो. कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात ते विचारू नका.

बाबा ७४ वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करायची गोळी. इंजेक्शनआधी ती किती दिवस बंद ठेवायची हे एकाने सांगितलं, दुसऱ्याने वेगळं सांगितलं, आणि फाइलमध्ये जे लिहिलं होतं ते तिसरंच. आम्ही बंद ठेवली, पण आता कळतं की पुरेशी नाही. सकाळी ११ला इंजेक्शन झालं. संध्याकाळी बाबा स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसले. जेवले. बातम्या पाहिल्या.

रात्री दोनला पाठ दुखतेय म्हणून त्यांनी हाक मारली. मी दिवा लावला. ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. बाथरूमला जायचं म्हणून सपाता घालत होते. डाव्या पायात सपाता होती, उजवी पायातून निसटून जमिनीवर पडलेली आणि बाबा उजवा पाय तसाच फरशीवर घासत होते. मी म्हणालो, बाबा, सपाता पडलीय. ते म्हणाले, "नाही रे, पायात आहे." त्यांना अनवाणी पायाखालची थंड फरशी कळत नव्हती.

तिथेच मला कळायला हवं होतं. मला वाटलं भुलीच्या औषधाचा असर असेल. ते औषध तर काही तासांत उतरतं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. बाबांना लघवीही झाली नाही. आम्ही म्हटलं, सकाळी बघू. साडेसातला उठवलं तेव्हा दोन्ही पाय हलेनात. एमआरआयमध्ये मणक्याच्या पोकळीत रक्ताची गुठळी, मज्जातंतूंवर दाब. दुपारी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "हे कितीला सुरू झालं?" मी "दोन" म्हटल्यावर ते पुढे काही बोलले नाहीत.

पाच आठवड्यांनी लघवीची नळी निघाली. आज तीन वर्षांनी बाबा वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. उजवं पाऊल अजून ओढतात. ते साडेपाच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

भूलभुलैया | बुधवार, सकाळी ६.३०

उंबरठा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही दोनला जे पाहिलंत ते ओळखायला शिकवणं आमचं काम होतं, ते झालं नाही. दोष स्वतःकडे घेऊ नका. अशी गुठळी फार विरळ, पण झाली तर तास मोजायचे असतात. जितक्या लवकर दाब काढाल तितके पाय परत येण्याची शक्यता जास्त.

कृष्णाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला आता नीट उत्तर देतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पाठ अचानक जास्त दुखू लागली, पाय जड किंवा बधिर होत चालला, लघवी अडकली किंवा जांघेत स्पर्श कळेना, तर रात्र असो, सण असो, लगेच न्यायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणि पाठीत ठणका आला तर आत पू साचतोय अशी शंका घ्यायची. मधुमेहींमध्ये ही शंका जास्तच घ्यायची. ताप किरकोळ आहे म्हणून थांबायचं नाही.

आणखी एक धोका सुईच्या वेळचाच असतो. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी अ‍ॅडमकीविच नावाची एक मोठी धमनी बहुधा डाव्या बाजूने आत शिरते. नस मणक्यातून बाहेर पडते त्या खिडकीतून औषध देताना ते चुकून अशा धमनीत गेलं, आणि ते दाणेदार स्टेरॉइड असलं, तर दाणे बारीक रक्तवाहिनी बुजवतात आणि पाय तिथल्या तिथे जातात. मानेत हाच प्रकार मेंदूपर्यंत पोचू शकतो, म्हणून मानेतल्या इंजेक्शनला मी जास्त बिचकतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) एप्रिल २०१४मध्ये या इंजेक्शनांवर इशारा छापायला लावला तो यासाठीच. दृष्टी जाणं, मेंदूचा झटका, लुळेपण, मृत्यू, असे शब्द त्यात आहेत. म्हणून आधी रंगद्रव्य सोडून सी-आर्मखाली ते कुठे पसरतंय ते पाहतात आणि खिडकीतून द्यायचं असेल तर अनेकजण दाणे नसलेलं डेक्सामेथासोन आधी वापरतात. "कुठलं स्टेरॉइड देणार?" हा प्रश्न तुम्ही निःसंकोच विचारू शकता. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तात्या_सातारकर | बुधवार, सकाळी ८.००

उंबरठा, वाचून गलबलून आलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. मी परवा "मणक्यात सुई नको" म्हणून मोकळा झालो. ज्यांना दुखतंय त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. काल सकाळी भावाने गोळ्यांचा डबा ओट्यावर उलटा केला. दोन्ही गोळ्या निघाल्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. फॉर्मवर त्याने फक्त साखरेची आणि बीपीची औषधं लिहिली होती, कारण "चालू औषधे" या ओळीत तेवढीच जागा होती. वेदनातज्ज्ञांना फोन केला तर त्यांनी गुरुवार लगेच रद्द केला आणि आमच्यासमोरच हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले. तूर्तास एकही गोळी थांबवायची नाही, इंजेक्शन पुढे. तोवर रानजाई म्हणाल्या तसे व्यायाम.

आई नाराज आहे. गुरुवारनंतर अंबाबाईला जायचं असं तिने शेजारणीला सांगून टाकलं होतं.

कृष्णाकाठ | नऊ महिन्यांनी

धागा वर काढते आहे. मध्यंतरी पाय निम्म्याने बरा झाला होता, दिवाळीनंतर पुन्हा धरला. स्टेंटला वर्ष झाल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवायला लेखी परवानगी दिली आणि गेल्या मंगळवारी इंजेक्शन झालं, डेक्सामेथासोन. साखर तिसऱ्या दिवशी २४०, आता १४०.

त्या रात्री भावाने दहा, बारा, दोन आणि चारचा गजर लावला होता. दर वेळी दिवा लावून आईच्या तळपायाला थंड चमचा लावायचा आणि विचारायचा, कळतंय का? अंगठा हलव. बाथरूमला जाऊन आलीस का? चारला आई म्हणाली, "कळतंय रे बाबा, चमचा आहे, आणि तो आमटीचा आहे. झोपू दे आता."

उंबरठा, त्याला तुमची पोस्ट मी वाचून दाखवली होती.

उंबरठा | नऊ महिन्यांनी, त्याच दिवशी

बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, काकूंना विचार, आमटी कसली होती.